पंपाने दम सोडला, तर?

मैत्रिणींनो, घरातली मोटारसायकल हे पुरुषमाणसांचं खातं, असं मीही वर्षानुवर्षं मानत आले. गेल्या मे महिन्यात मात्र एका चामड्याच्या चकतीने मला चांगलाच धडा शिकवला.

आम्ही अकोल्याचे. मुलीची परीक्षा होती अमरावतीला. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचं आणि तिथून पुढे शहरात जायचं, असं ठरलेलं. पहाटे हे मोटारसायकल बाहेर काढतात तो काय, मागचं चाक बसलेलं! घरचा उभा पंप आणला. हे दांडा दाबताहेत, फुसफुस आवाज येतोय, पण चाकात हवा काही जाईना. एवढ्या पहाटे पंक्चरचं दुकान कुठलं उघडं? रिक्षा मिळेपर्यंत गाडी चुकली. नंतर एसटीने ती पोचली, पण दार बंद व्हायला जेमतेम दहा मिनिटं उरली होती. दिवसभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. रस्ता असा झकास, आणि आम्ही अडलो ते अंगणातच!

संध्याकाळी हे म्हणाले, "फेकून देऊ, नवा आणू." सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "काऊन फेकता बाप्पा? वायसर वाळलं असन. स्टोलेही असंच होये. त्याले तेल पाजा, मंग पाहा."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप आपण बायकांनी किती वेळा खोलला असेल! हा पंप म्हणजे त्याचाच थोरला भाऊ. दांड्याच्या टोकाशी चामड्याची वाटी असते. दांडा खाली दाबला, की हवेच्या दाबाने वाटीचा काठ फुलतो, नळकांड्याला घट्ट चिकटतो आणि हवा नळीतून चाकाकडे जाते. दांडा वर ओढला, की काठ आत झुकतो आणि बाहेरची हवा आत येते. आमच्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अडगळीतलं चामडं तेलाशिवाय वाळून आक्रसलं तर नवल काय?

मग मी काय केलं, ते सांगते.

नळकांड्याचं वरचं झाकण फिरवून काढलं आणि दांडा बाहेर ओढला. टोकाचा नट पान्याने सैल करून वाटी सोडवली. तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे आधी नीट पाहून ठेवा. ते खाली, म्हणजे हवा दाबायच्या दिशेला असतं. वाटी उलटी बसली की सगळी मेहनत फुकट!

वाटी पुसून रात्रभर एरंडेलात बुडवून ठेवली. तेल चुलीवर तापवू नका. उष्णतेने चामडं कडक होतं. सकाळी अंगठ्याने मळून काठ हलकेच बाहेर फुलवला. काठीला चिंधी गुंडाळून नळकांडं आतून स्वच्छ केलं. मग वाटी तिरपी धरून, फिरवत फिरवत आत सरकवली, म्हणजे काठ दुमडत नाही.

आता परीक्षा. नळीचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबून दांडा खाली ढकला. तो उसळून वर आला, तर वाटी हवा धरते आहे. चाकाला जोडल्यावर दांडा आपोआप वर चढू लागला, तर तळाच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो. तो साफ करा. नळीला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे चीर. चीर टोकाशी असेल, तर तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा क्लिपने आवळता येते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही पंपांत चामड्याऐवजी रबरी कडी असते. तिला इंजिनाचं तेल लावू नका, साधं रबर त्याने फुगतं, एरंडेल चालतं. आणि चामडं फाटलंच असेल, तर जुनी वाटी नमुना म्हणून सायकलच्या दुकानात न्या. नळकांडं तडकलं असेल, तर मात्र पंपाला रामराम करावा.

हवाही बेताने भरा. साध्या मोटारसायकलला पुढे साधारण २५ आणि मागे २८ ते ३० पौंड लागते. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकात जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक पुन्हा पुन्हा बसत असेल, तर पंक्चर काढून घ्या; पंप हे त्यावरचं औषध नव्हे.

हवेचा टायर चालता केला डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरांनी, १८८८ साली बेलफास्टला, तेही आपल्या लेकाच्या तीनचाकीसाठी. म्हणजे ही विद्या मुळात घरातलीच की!

आता दर महिन्याला मी त्या वाटीला एरंडेलाचे दोन थेंब पाजते. पुढच्या परीक्षेला लेक निघाली, तेव्हा चाकात हवा तिनेच भरली. सासूबाई ओसरीवरून पाहत होत्या. म्हणाल्या, "आता जमलं!"