त्र्याहत्तर वर्षे पाण्यात राहिलेली मोटार

मैत्रिणींनो, माळा आवरताना कधी एखादं जुनं पितळी पातेलं हाताला लागतं. काळं पडलेलं, काठ चेपलेला. मोडीत द्यावं म्हणून आपण ते बाजूला काढतो, आणि सहज उलटंसुलटं करून पाहतो तो काठावर नाव घातलेलं! सासूबाईंच्या सासूबाईंचं नाव, पुढे गाव, कधी सालसुद्धा. मग काही ते पातेलं मोडीत जात नाही. त्यात उद्यापासून कुणी भात शिजवणार नसतो, पण ते पुन्हा घरात येतं.

आज सांगणार आहे ती गोष्ट मात्र पातेल्याची नाही, एका मोटारीची आहे. ‘मोटारीतलं आम्हाला काय कळतंय!’ असं म्हणून पान उलटू नका हं. ही मोटार शर्यतीच्या घराण्यातली होती हे खरं, पण तिची गोष्ट शेवटी आपल्याच दाराशी येऊन थांबते.

तिचं माहेर

फ्रान्सच्या पूर्वेला आल्सेस नावाचा प्रांत आहे. तिथल्या मोल्सहाइम या गावी एत्तोरे बुगाटी यांनी १९०९ साली मोटारींचा कारखाना काढला. बुगाटी मूळचे मिलानचे, जन्म १८८१ चा. वडील कार्लो बुगाटी हे नामांकित फर्निचर घडवणारे. त्यामुळे मोटार नुसती पळून उपयोग नाही, ती देखणीही हवी, असा एत्तोरेंचा हट्ट. त्या काळी इतर कारखाने मोठमोठ्या, वजनदार गाड्या काढत. बुगाटींच्या गाड्या लहान, हलक्या आणि चपळ.

१९२१ च्या सप्टेंबरात इटलीतल्या ब्रेशिया गावी लहान मोटारींची शर्यत झाली. तिच्यात पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा असे चारही क्रमांक बुगाटींच्या गाड्यांनी पटकावले! तेव्हापासून त्या जातीच्या गाड्यांना ‘ब्रेशिया’ हेच नाव पडलं. इंजिन जेमतेम दीड लिटरचं, पण त्याला सोळा व्हॉल्व्ह. आज ही गोष्ट कुणाला नवलाची वाटणार नाही, त्या दिवसांत ती फार थोड्या गाड्यांत होती.

शर्यतीच्या गाडीची बैठक आखूड असे. तीच जरा लांब केलेली ‘टाइप २२’ ही घरच्या माणसांसाठी. शर्यतीत उतरवायची तर उतरवा, नाहीतर दोघं मिळून लांबच्या सहलीला जा. समोर नाशपातीच्या आकाराचा रेडिएटर, उघडी बैठक, रंग निळा. आपली गोष्ट अशाच एका गाडीची. ती १९२५ सालची, आणि तिच्या सांगाड्याचा क्रमांक २४६१. हा क्रमांक लक्षात ठेवा. पातेल्यावरच्या नावासारखाच तो पुढे उपयोगी पडला.

ती तळ्यात कशी गेली?

गाडीची पहिली नोंद फ्रान्समधल्या नान्सी शहरातली. तिथून ती पॅरिसला गेली. गाडीवर एक लहानशी पितळी पट्टी होती, तिच्यावर तिथल्या मालकाचं नाव आणि पत्ता कोरलेला होता. नंतर १९३० नंतरच्या काही वर्षांत केव्हातरी ती स्वित्झर्लंडला पोचली. तिथे आस्कोना नावाचं छोटं गाव आहे, माज्जोरे तळ्याच्या काठावर. तळं म्हणजे आपल्या गावचं तळं नव्हे बरं का! डोंगरांच्या कुशीतलं हे भलंमोठं पाणी, वरचं टोक स्वित्झर्लंडमध्ये आणि बाकी सारं इटलीत.

इथून पुढे दोन गोष्टी सांगतात. पहिली मोठी चटकदार. रेने द्रेफ्यूस हे त्या काळचे गाजलेले शर्यतपटू, १९३० साली मोनॅकोची मोठी शर्यत त्यांनी बुगाटीतूनच जिंकली होती. १९३४ साली पॅरिसमध्ये एका रात्री शॅम्पेनच्या भरात पत्ते रंगले आणि द्रेफ्यूस ही गाडी एका स्विस तरुणाला हरले, अशी ही कथा. तो तरुण गाडी घेऊन निघाला, सरहद्दीवर जकात मागितली तेव्हा खिसा रिकामा. गाडी तिथेच टाकून स्वारी चालती झाली!

दुसरी गोष्ट अधिक साधी, आणि म्हणूनच अधिक खरी वाटावी अशी. आस्कोनात राहणाऱ्या एका वास्तुशिल्पकाने ही गाडी फ्रान्सहून आणली होती. जकात त्याने भरलीच नव्हती. जकात खात्याने तगादा लावला, तोवर तो गाव सोडून गेला. मागे राहिली गाडी आणि तिच्यावरची थकबाकी. जुन्या गाडीची किंमत थोडी आणि देणं जास्त, असा हिशेब झाला.

दोन्ही गोष्टींचा शेवट मात्र एकच. बेवारशी माल नष्ट करायचा, असा कायदा. तेव्हा १९३६ साली गाडी तळ्यात बुडवली गेली. आस्कोनाचे लोक सांगत की ती साखळीला बांधून पाण्यात सोडली होती. प्रकरण निवळलं की गुपचूप ओढून काढायची, असा बेत असावा. पण काढायला कुणी आलं नाही. साखळी गंजली, तुटली आणि गाडी खाली खाली जात त्रेपन्न मीटरवर जाऊन टेकली. सतरा-अठरा मजली इमारत पाण्यात उभी केली तर केवढी होईल, तेवढं ते खोल!

पाण्याने काय खाल्लं, काय ठेवलं

पुढची तीस वर्षं गावात ती नुसती दंतकथा होती. ‘आमच्या तळ्यात एक मोटार आहे,’ असं म्हातारे सांगायचे आणि पोरं हसायची. १९६७ च्या ऑगस्टमध्ये एका पाणबुड्याला ती खरोखरच दिसली. डाव्या कुशीवर कलंडलेली, अर्धी गाळात रुतलेली.

तेव्हापासून गावच्या पाणबुड्यांच्या क्लबाला जणू खेळणंच मिळालं. सुट्टी आली की बुडी मारायची आणि गाडीला भेटून यायचं. ही भेट सोपी नव्हती. इतक्या खोल पाण्याचा दाब हवेच्या सहापट होतो, माणसाचं डोकं गरगरायला लागतं. तिथे थोडीच मिनिटं थांबता येतं, आणि वर येताना तर टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत यावं लागतं. घाई केली तर जीवावर बेततं.

आता गंमत पाहा. इतकी वर्षं पाण्यात राहून गाडी विरघळून कशी गेली नाही? याचं उत्तर तुम्हा-आम्हाला मोरीतच मिळेल. लोखंडी तवा ओला राहिला की सकाळी तांबारलेला दिसतो. पितळी तांब्या काळा पडतो, पण चिंच लावून घासला की पुन्हा लखलखतो. ॲल्युमिनियमचं पातेलं निस्तेज होतं, पण गंजून भोकं पडत नाहीत सहसा. गाडीचंही तेच झालं. लोखंडी पत्रे खाल्ले गेले, पितळ आणि ॲल्युमिनियम टिकलं. त्यातून तळ्याचं पाणी गोडं, समुद्रासारखं खारट नाही. आणि जी बाजू गाळात होती तिला हवा कमी लागली, म्हणून ती जास्त शाबूत राहिली. गंज चढायला पाणी लागतं तशी हवाही लागते. निळ्या रंगाच्या खुणादेखील कुठे कुठे उरल्या होत्या. आणि ती पितळी पट्टी! पॅरिसचा पत्ता अजून वाचता येत होता. हा पत्ता आणि सांगाड्याचा क्रमांक यांच्यावरूनच जाणकारांनी तिची कुळकथा जुळवली.

गाडी वर काढायची असा विषय निघाला असता तर क्लबातल्यांनीच नको म्हटलं असतं. राहू दे तिला तिथेच, आपली मैत्रीण आहे ती! चाळीस वर्षं असंच चाललं.

एक रात्र

आस्कोनाला लागूनच लोकार्नो गाव आहे. २००८ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या रात्री तिथे कार्निव्हल होता. रस्त्यावर सोंगं, गाणी, दिवे. आपल्याकडे शिमग्याला किंवा गणपतीला तरुण मुलं रात्री हिंडतात तशीच तिथली मुलंही हिंडत होती. क्लबातल्या एका सभासदाचा मुलगाही त्या गर्दीत होता. वय बावीस, शिकत होता. तीन तरुणांनी त्याला मारहाण केली आणि त्यात तो गेला.

एवढंच. ना युद्ध, ना दुखणं, ना अपघात. सणाची रात्र म्हणून घरातून हसत बाहेर पडलेला मुलगा परत आला नाही. दार उघडं ठेवून वाट पाहणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

त्याच्या नावाने एक संस्था निघाली. तरुणांमधली मारामारी, हिंसा कमी व्हावी म्हणून काम करायचं, दुसऱ्या कुणाच्या घरावर ही पाळी येऊ नये हा हेतू. पण संस्था चालवायची तर पैसा लागतो. क्लबातली मित्रमंडळी विचार करत बसली. आपल्याकडे देण्यासारखं काय आहे? पैसेवाले तर आपण नाही.

आणि मग त्यांना आठवली ती तळ्याच्या तळाशी पडलेली मोटार.

वर आली

मंडळी कामाला लागली. सगळे हौशी, कुणाला मजुरी नाही. महिनोन् महिने पुन्हा पुन्हा बुड्या मारायच्या, थोडी मिनिटं काम करायचं, वर यायचं. गाळ उपसायचा, पट्टे अडकवायचे. जोर लावला तर सांगाडाच तुटायचा, म्हणून सारं हलक्या हाताने. भिजलेल्या पापडाला हात लावावा तसं!

१२ जुलै २००९ रोजी गाडी पाण्याबाहेर आली. काठावर हजारो माणसं जमली होती. चिखलाने माखलेला, भोकं पडलेला, तांबूस काळा सांगाडा. पण चाकं जागेवर होती, आणि डौल असा की बघणाऱ्याला ओळख पटावी, ही बुगाटीच.

२३ जानेवारी २०१० ला पॅरिसमध्ये तिचा लिलाव झाला. सत्तर ते नव्वद हजार युरो येतील असा जाणकारांचा अंदाज होता. बोली चढत चढत २,६०,५०० युरोंवर गेली. त्या वेळच्या आपल्या पैशांत दीड कोटीहून जास्त! मोडीच्या भावानेही कुणी घेतली नसती अशी ती वस्तू. तिची किंमत त्या मुलाच्या नावाच्या कामाला लागली.

इथे मला एत्तोरे बुगाटींची आठवण येते. त्यांचा थोरला मुलगा झ्याँ, बापाच्या हाताखाली तयार झालेला, कारखान्याचा आधार. ११ ऑगस्ट १९३९ ला तो मोल्सहाइमजवळच्या रस्त्यावर शर्यतीच्या गाडीची चाचणी घेत होता. एक सायकलवाला आडवा आला. त्याला वाचवायला झ्याँने गाडी वळवली, आणि ती झाडावर आदळली. झ्याँचं वय तीस. आठ वर्षांनी, १९४७ साली एत्तोरेही गेले. ज्याने ही गाडी घडवली त्या बापाने, आणि जिच्यासाठी ती वर काढली त्या घराने, एकच दु:ख सोसलं. मध्ये जवळजवळ सत्तर वर्षांचं अंतर, एवढाच काय तो फरक.

तिला नवी का केली नाही?

गाडी विकत घेतली अमेरिकेतले संग्राहक पीटर मुलिन यांनी. त्यांच्याकडे लखलखीत बुगाटी गाड्या होत्या. त्यांनी हिलाही नवी करकरीत केली असती. पण हिशेब असा निघाला होता की जुन्यातला जेमतेम पाचवा भाग पुन्हा वापरता येईल. बाकी सगळं नव्याने करावं लागेल. मग उरेल ती नवी गाडी, जुनं फक्त नाव.

मुलिन यांनी तिला हात लावला नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड गावी २०१० साली त्यांचं संग्रहालय उघडलं. तिथे चकचकीत गाड्यांच्या संगतीत ही गंजलेली गाडी होती तशीच मांडली होती. बघायला येणारे तिच्यापुढे थांबत. मुलिन २०२३ साली वारले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ते संग्रहालयही बंद झालं.

तर मैत्रिणींनो, यात आपण घ्यायचं काय? एक तर अगदी घरगुती गोष्ट. जुनं भांडं, जुनी पेटी, घड्याळ हाती आलं की लगेच चिंच-मीठ किंवा ब्रश घेऊन तुटून पडू नका. आधी ते उलटं करून पाहा, नाव-साल आहे का ते वाचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते सांगतील ते एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी त्याच वस्तूत ठेवा. रोज वापरायचं भांडं खुशाल घासा, कल्हई करा. पण ज्याच्यावर आठवण चढलेली आहे त्याला फार उजळू नये.

दुसरी गोष्ट सांगायला मला जरा अवघड वाटतं. माणूस गेलं की आपल्याकडे त्याच्या नावाने भांडी वाटतात, कुणी शाळेला पंखा देतात, कुणी देवळात घंटा बांधतात. ‘यांच्या स्मरणार्थ’ असं त्यावर कोरतात. कधी कधी आपण त्याला हसतो. पण आस्कोनाच्या मंडळींनी वेगळं काय केलं? त्यांच्यापाशी होती ती एक बुडालेली मोटार. ती त्यांनी वर काढली आणि मित्राच्या मुलाच्या नावाने देऊन टाकली. त्याने मुलगा परत आला नाही. पण ते घर दु:खात एकटं पडलं नाही.

शेजारच्या घरी असं काही घडलं, तर काय बोलावं हे आपल्याला सुचत नाही, म्हणून आपण जायचंच टाळतो. जावं. आपल्यापाशी जे असेल ते घेऊन जावं.