एक घर, तीन जाळी
राउटरच्या साहाय्याने संगणक-जाळ्यांचे विलगीकरण

घरातील विजेची जोडणी करताना दिवे-पंख्यांची लाईन वेगळी व पाण्याचा पंप, गीझर यांसारख्या अधिक वीज ओढणाऱ्या उपकरणांची लाईन वेगळी ठेवण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. एखाद्या उपकरणात दोष निर्माण झाला, तर त्या लाईनवरील एमसीबी पडतो. उर्वरित घराचा वीजपुरवठा सुरू राहतो. दोष जेथे आहे तेथेच तो थोपविणे, हे या व्यवस्थेमागील तत्त्व होय. इंटरनेटच्या जोडणीबाबत मात्र हे तत्त्व घराघरांत अद्याप पुरेसे रुजलेले नाही.

आज मध्यमवर्गीय कुटुंबाच्या घरात एकाच राउटरवर कुटुंबीयांचे मोबाईल, संगणक, दूरचित्रवाणी संच, छपाईयंत्र, दारावरील कॅमेरा आणि इंटरनेटवर चालणारे दिवे अशी अनेक उपकरणे जोडलेली असतात. २०२० नंतर घरातून कार्यालयीन काम करण्याची पद्धत वाढली. तालुक्याच्या गावी घरालगतच डॉक्टरांचा दवाखाना किंवा वकिलांचे कार्यालय असते. रुग्णांच्या नोंदी ज्या संगणकावर आहेत तो संगणक, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या अपरिचित व्यक्तीचा मोबाईल, हे दोन्ही पुष्कळदा एकाच वाय-फायवर असतात. या परिस्थितीत जाळ्यांची विभागणी ही केवळ तंत्रज्ञांच्या आवडीची बाब राहिलेली नाही.

एकाच जाळ्यातील धोका

राउटर घरातील प्रत्येक उपकरणाला एक अंतर्गत क्रमांक देतो. हे क्रमांक बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या या क्रमांकांविषयीचे मानक १९९६ साली प्रसिद्ध झाले. बाहेरच्या जगाला घराचा एकच क्रमांक दिसतो. आतील उपकरणाने मागविलेली माहिती राउटर त्या उपकरणाकडे पोहोचवितो. न मागविता बाहेरून आलेला संदेश कोणाकडे द्यावयाचा, हे त्यास ठाऊक नसल्यामुळे तो तेथेच गळून पडतो. घराच्या मुख्य दरवाज्याला लावलेली ही एक प्रकारची कडीच होय.

परंतु या घराच्या आतील खोल्यांना दारे नाहीत. एकाच जाळ्यातील उपकरणे परस्परांशी थेट संपर्क साधू शकतात. कोणता क्रमांक कोणत्या उपकरणाचा, हे शोधण्यासाठी जाळ्यात सर्वांना उद्देशून प्रश्न विचारला जातो व आलेल्या उत्तरावर कोणतीही शहानिशा न करता विश्वास ठेवला जातो. ही पद्धत १९८२ साली, जाळ्यातील सर्वच यंत्रे विश्वासू असत अशा काळात, निश्चित झाली. तिचा गैरफायदा घेऊन एखादे बाधित उपकरण 'मीच राउटर आहे' असे भासवू शकते आणि इतरांची वाहतूक स्वतःकडे वळवू शकते.

२०१६ चा धडा

हा धोका काल्पनिक नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे, चित्रमुद्रण यंत्रे व घरगुती राउटर आपल्या ताब्यात घेतले. तिची रीत अगदी साधी होती. कारखान्यातून उपकरण बाहेर पडताना त्यात जे ठरावीक नाव व पासवर्ड घातलेले असतात, अशा सुमारे ६० जोड्यांची यादी तिच्यापाशी होती. ज्या मालकांनी पासवर्ड बदलला नव्हता, त्यांची उपकरणे तिच्या हाती लागली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा बाधित उपकरणांकडून 'डाइन' या कंपनीवर एकाच वेळी संदेशांचा भडिमार झाला आणि अमेरिकेतील अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास अनेकांना उघडता आली नाहीत. स्वस्त कॅमेरा हा घरातील सर्वांत दुर्बल दुवा ठरू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले.

पाहुण्यांचे जाळे

विभागणीचा सर्वांत सोपा व विनाखर्च मार्ग बहुतेक राउटरमध्ये उपलब्ध असतो. त्यास 'गेस्ट नेटवर्क' म्हणतात. ते सुरू केल्यावर वेगळ्या नावाचे व वेगळ्या पासवर्डचे दुसरे वाय-फाय निर्माण होते. त्यावरील उपकरणांना इंटरनेट मिळते, परंतु मुख्य जाळ्यात प्रवेश मिळत नाही. अतिथींचे मोबाईल, कॅमेरे, दूरचित्रवाणी संच व दिवे यांना या जाळ्यावर ठेवावे. मात्र त्याच पानावर स्थानिक जाळ्यात प्रवेश देण्याचा एक पर्याय असतो, तो बंद असल्याची खात्री करून घ्यावी.

दोन राउटर : क्रमाचे महत्त्व

ज्यांना याहून भक्कम विभागणी हवी असेल, त्यांना जुना, वापरात नसलेला राउटर उपयोगी पडतो. पहिल्या राउटरची तार दुसऱ्या राउटरच्या 'वॅन' असे लिहिलेल्या छिद्रात जोडली, की पहिल्याच्या आत दुसरे जाळे तयार होते. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. आतील जाळ्यातून बाहेरील जाळ्यात जाता येते. बाहेरील जाळ्यातून आतील जाळ्यात शिरता येत नाही. म्हणून संगणक व महत्त्वाची कागदपत्रे आतील राउटरवर आणि कॅमेरे बाहेरील राउटरवर ठेवावेत. अनेक जण याच्या उलट करतात व कॅमेरे आत 'कोंडले' असे समजतात. प्रत्यक्षात त्या कॅमेऱ्यांना बाहेरच्या जाळ्यातील संगणकांकडे जाण्याचा मार्ग मोकळाच राहतो.

तथापि या रचनेतही एक उणीव राहते. आतील संगणकांची सर्व वाहतूक बाहेरील जाळ्यातूनच जाते. त्यामुळे तेथील बाधित उपकरण ती मधल्या मध्ये वळवू शकते.

तीन राउटरांची रचना

ही उणीव तिसऱ्या राउटरने दूर होते. पहिला राउटर इंटरनेटशी जोडलेला राहतो. सेवा देणाऱ्या कंपनीने बसविलेली पेटी बहुधा स्वतःच राउटर असते. अशा वेळी आणखी दोनच राउटर लागतात. त्यातून दोन तारा निघतात : एक कुटुंबाच्या संगणकांच्या राउटरकडे, दुसरी कॅमेरे व अन्य उपकरणांच्या राउटरकडे. पहिल्या राउटरवर दुसरे कोणतेही उपकरण जोडू नये व त्याचे वाय-फाय बंद ठेवावे. आता दोन्ही शाखा एकमेकींच्या बाहेर आहेत. एकीतून दुसरीत शिरण्याचा प्रयत्न झाला, तर समोरचा राउटर तो अडवितो.

तिन्ही राउटरांना वेगवेगळे क्रमांकगट द्यावेत. उदाहरणार्थ, पहिल्यास १९२.१६८.१, दुसऱ्यास १९२.१६८.१० व तिसऱ्यास १९२.१६८.२० ने सुरू होणारा गट देता येईल. गट सारखे राहिले, तर जोडणी चालत नाही. तसेच तार चुकून 'लॅन' च्या छिद्रात जोडली गेली किंवा आतील राउटर 'अॅक्सेस पॉइंट' या पद्धतीवर ठेवला गेला, तर विलगीकरण होतच नाही. दोन्ही जाळी पुन्हा एक होतात.

आभासी विभाग

एकाच यंत्रावर अनेक जाळी निर्माण करण्याची 'व्हीलॅन' ही पद्धतही आहे. तिचे मानक १९९८ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक संदेशावर त्याच्या विभागाचा क्रमांक लावला जातो व अशा ४,०९४ क्रमांकांची सोय त्यात आहे. दवाखाने व छोट्या कार्यालयांना ती सोयीची असली, तरी तिला साहाय्य करणारे राउटर व स्विच लागतात. शिवाय विभाग पाडणे पुरेसे नसते. कोणत्या विभागाने कोणत्या विभागाशी बोलू नये, याचे नियमही राउटरमध्ये लिहावे लागतात.

घ्यावयाची काळजी

जोडणी पूर्ण झाल्यावर तिची परीक्षा घ्यावी. मोबाईल कॅमेऱ्यांच्या जाळ्यावर नेऊन संगणकाचा किंवा छपाईयंत्राचा क्रमांक उघडण्याचा प्रयत्न करावा. तो उघडला, तर विभागणी झालेली नाही असे समजावे. प्रत्येक राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. त्यातही पहिल्या राउटरचा पासवर्ड विशेष कठीण असावा, कारण दोन्ही शाखांतून त्याच्या व्यवस्थापनाच्या पानापर्यंत पोहोचता येते. वाय-फायसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा निवडावी आणि राउटरची प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी.

काही गैरसोयी मात्र स्वीकाराव्या लागतात. मोबाईलवरील चित्रपट दूरचित्रवाणी संचावर पाठविणे, हे दोन्ही एकाच जाळ्यावर असल्याखेरीज सहसा शक्य होत नाही. छपाईयंत्र जेथून वापरावयाचे, त्याच शाखेत ठेवावे लागते. बाहेरून थेट संपर्काची गरज असणारे काही खेळ दोन राउटरांच्या मागे नीट चालत नाहीत. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या भागात एकाऐवजी तिन्ही राउटर इन्व्हर्टरवर जोडावे लागतात.

विलगीकरण हा सर्व रोगांवरील उपाय नव्हे, हेही ध्यानी घेतले पाहिजे. दूरध्वनीवरून गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्या भामट्यास ते रोखू शकत नाही. त्यासाठी सावधगिरीच हवी, आणि फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविली पाहिजे. बाधित उपकरणांच्या शुद्धीकरणासाठी केंद्र शासनाने २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले असून त्याची साधने नागरिकांना विनामूल्य उपलब्ध आहेत.

असे असले तरी, एखादे उपकरण बाधित झालेच तर त्याची झळ घरातील बँक व्यवहारांना, मुलांच्या अभ्यासाच्या संगणकाला किंवा रुग्णांच्या नोंदींना लागू नये, एवढे निश्चितपणे साधता येते. त्यासाठी लागणारी साधने पुष्कळ घरांत आधीच आहेत. एखाद्या सुटीच्या दिवशी काही तास देऊन ती योग्य क्रमाने जोडण्याचाच काय तो प्रश्न आहे.