बोर्डावरचा पारा

मे महिना आला की अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचे आकडे पहिल्या पानावर झळकतात. पंचेचाळीस, कधी त्याहून वर. हे आकडे सावलीतले. टेबलाखाली भिंतीला टेकून ठेवलेल्या लोखंडी खोक्यात त्या दुपारी किती तापलंय, हे मात्र कुठेच छापून येत नाही. आणि याच दिवसांत दुरुस्तीवाल्यांकडे एक ठरलेली तक्रार येते: ‘दुपारी आपोआप बंद पडतो, रात्री मात्र नीट चालतो.’

आपल्याकडे त्या अख्ख्या खोक्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. या नावामुळे सगळं लक्ष प्रोसेसरकडे जातं. त्याच्यावर तळहाताएवढा पंखा असतो, त्याचं तापमान सगळे बघतात. आतल्या मदरबोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, ॲल्युमिनियमच्या चपट्या पत्र्याखाली बसलेल्या चिपसेटची आठवण कुणाला होत नाही. यूएसबी, डिस्क, नेटवर्क, आवाज यांची बरीचशी ये-जा तोच सांभाळतो, आणि दिवसभर तापतही असतो.

या चिपकडे जगाचं लक्ष गेलं ते जुलै २०१९मध्ये. एएमडीने रायझन ३००० प्रोसेसरांबरोबर एक्स५७० हा चिपसेट आणला. पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी घरगुती बोर्डांवर पहिल्यांदा आली ती याच्यासोबत. डेटाचा वेग दुप्पट झाला, त्याबरोबर उष्णताही वाढली. आधीच्या एक्स४७०ला पाच-सहा वॅट पुरत, एक्स५७०ला सुमारे ११ लागू लागले. घरातल्या ९ वॅटच्या एलईडी दिव्याहून थोडे जास्त, आणि तेही अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. म्हणून जवळपास सगळ्याच कंपन्यांनी चिपसेटवर एक चिमुकला पंखा बसवला.

जुन्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. २००४-०५च्या सुमारास एनव्हिडियाच्या एनफोर्स४ बोर्डांवर असेच चाळीस मिलिमीटरचे पंखे असत. ते वर्ष-दोन वर्षांत किरकिरायला लागत आणि एक दिवस चुपचाप थांबत. एवढा छोटा पंखा पुरेशी हवा ढकलायची तर वेगाने फिरावा लागतो. वेगाने फिरला की बेअरिंग झिजतं आणि धूळही लवकर धरते. यावर पुढे जो तोडगा निघाला, तो शिकण्यासारखा आहे. २०२१मध्ये ‘एक्स५७०एस’ नावाने बिनपंख्याचे बोर्ड आले. चिप मूळची तीच, फक्त पत्रा मोठा, जाड आणि पसरट. जे काम फिरणाऱ्या पात्यांवर सोपवलं होतं, ते धातूच्या क्षेत्रफळाने निमूटपणे केलं. उष्ण प्रदेशात राहणाऱ्या माणसाने बोर्ड घेताना दिव्यांच्या झगमगाटापेक्षा या पत्र्याचा आकार आधी बघावा.

पण तापमान कळतं कसं? चिपच्या पोटातच एक डायोड असतो. त्यातून ठरावीक प्रवाह सोडला की त्याच्यावरचा व्होल्टेज दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. बोर्डावर इतरत्र तिळाएवढे थर्मिस्टर असतात, तापले की त्यांचा रोध घटतो. या सगळ्यांच्या तारा ‘सुपर आयओ’ नावाच्या एका चिपकडे जातात. ती बहुतेक वेळा नुव्होटॉन किंवा आयटीई या तैवानी कंपन्यांची असते. व्होल्टेजचा आकडा करणं हे तिचं काम. बायॉसचं पान असो, विंडोजवरचं एचडब्ल्यूइन्फो असो की लिनक्सवरचं एलएम-सेन्सर्स, बोर्डाचं तापमान विचारायला सगळे तिच्याच दारात जातात.

गोंधळही इथेच सुरू होतो. कोणत्या टोकाला कोणती तार जोडायची हे बोर्ड बनवणारा ठरवतो, आणि सॉफ्टवेअरला ते नेहमी ठाऊक असतंच असं नाही. मग ‘ऑक्सटिन’ नावाच्या ओळीत १२७ अंश दिसतात, कधी शून्याखालचा आकडा दिसतो, आणि माणूस घाबरून दुकान गाठतो. खरं तर त्या टोकाला काही जोडलेलंच नसतं. प्रत्यक्ष कंपनीच्या आकड्यातही मेख असू शकते. २०१७मध्ये रायझन १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त दाखवत. पंखे सगळ्या मॉडेलांवर सारखे वागावेत म्हणून ती भर मुद्दाम घातली होती, असा खुलासा एएमडीने त्याच वर्षी मार्चमध्ये केला.

खोटा आकडा ओळखायची एक खूण मात्र कधी चुकत नाही. हवेने थंड होणारी कोणतीही वस्तू खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोलीत ४१ अंश असताना बोर्डाचा सेन्सर ३४ सांगत असेल, तर तो चुकतोय. बस.

म्हणूनच नुसत्या आकड्यापेक्षा खोली आणि चिप यांच्यातला फरक पाहायला हवा. समजा जानेवारीत खोलीत २४ अंश आहेत आणि चिपसेट ५८ दाखवतो. फरक ३४. मे महिन्यात खोली ४२वर गेली की तीच चिप ७६च्या आसपास दिसणार. यात बिघाड काही नाही, सत्तरी पाहून घाबरायचं कारण नाही. पण त्याच दुपारी, तेच काम करताना ती ८८ दाखवत असेल, तर फरक ४६ झाला. हे वरचे बारा अंश उन्हाचे नाहीत. ते धुळीचे, अडकलेल्या पंख्याचे किंवा चिप आणि पत्र्यामधल्या, वाळून कडक झालेल्या पेस्टचे आहेत. चाळीस-पन्नास रुपयांच्या वहीत महिन्यातून एकदा हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले, तर बोर्ड आजारी पडण्याच्या कितीतरी आधी त्याची कुरबुर कळते.

विदर्भात या हिशेबात आणखी एक पात्र येतं: डेझर्ट कूलर. कोरड्या हवेत तो खोली सुखद करतो, चिपसेटलाही तेवढाच दिलासा मिळतो. पण ती हवा दमट असते. दमट हवेत धूळ सुटी राहत नाही. ती पत्र्याच्या फटींत ओल्या कापडासारखी बसते आणि वाळली की तिची खपली होते. कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवलं, तर क्षारयुक्त पाण्याचे तुषार आत जाऊन पांढरे डाग पडू शकतात. कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच आणि मागची जाळी भिंतीपासून सुटी असलेलं बरं.

ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अनेक बोर्डांवर चिपसेट नेमका कार्डाच्या सावलीत येतो. चिपचे ११ वॅट, आणि डोक्यावरच्या कार्डाचे दोनशे-तीनशे. मोठ्या फाइली कॉपी करताना चिपसेट शांत आणि गेम चालू झाला की एकदम वर जात असेल, तर ती उष्णता त्याची नव्हे, शेजाऱ्याची आहे. अशा वेळी कॅबिनेटच्या तळाशी किंवा पुढे, कार्डाखाली गार हवा फेकणारा एक मोठा पंखा बसवला, तर चिमुकला पंखा बदलण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

उष्णतेची खरी किंमत आज दिसत नाही, पुढच्या वर्षांत दिसते. साध्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर ‘१०५ अंश, २००० तास’ असं लिहिलेलं असेल, तर दर १० अंश उतरले की आयुष्य दुप्पट, हा त्या धंद्यातला जुना ठोकताळा. ६५ अंशांना ३२ हजार तास, ७५ला १६ हजार. रोज आठ तास संगणक चालतो असं धरलं, तर एकीकडे जवळपास अकरा वर्षं, दुसरीकडे साडेपाच. आता बऱ्याच बोर्डांवर जास्त टिकणारे सॉलिड कपॅसिटर असतात, पण वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या पोटात जुन्याच जातीचे बसलेले असतात आणि तेही त्याच खोक्यातली गरम हवा खातात.

सॉफ्टवेअर निवडताना थोडी सावधगिरी हवी. हे सेन्सर वाचायला प्रोग्रॅमला विंडोजच्या अगदी तळापर्यंत पोहोचावं लागतं. मार्च २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरने ‘विनरिंग०’ हा जुना ड्रायव्हर धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली. पंखे आणि तापमान सांभाळणारे अनेक लोकप्रिय मोफत प्रोग्रॅम त्याच्यावरच उभे होते. त्यामुळे पहिली नजर बायॉसमधल्या हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर टाकावी. तिथे काहीच उतरवून घ्यावं लागत नाही.

साफसफाईला मात्र पर्याय नाही. कॅबिनेट गच्चीत न्यावं, झाकण काढावं, ब्लोअर मारावा. पण त्याआधी चिपसेटच्या पंख्याचं पातं टूथपिकने अडवून धरावं. ब्लोअरच्या झोतात तो भणाणून फिरतो आणि आधीच झिजलेलं बेअरिंग त्या दोन मिनिटांत कायमचं जातं. धूळ उडाली की टूथपिक काढून पात्याला बोटाने हलकीशी टिचकी द्यावी. दोन-तीन फेरे मोकळे फिरला तर ठीक. अर्ध्यात अडखळला, तर त्याच मापाचा नवा पंखा शोधायची वेळ झाली. झाकण लावल्यावर संगणक अर्धा तास चालू द्यावा आणि दोन्ही आकडे वहीत नव्याने लिहावेत.