बॅकअप उघडतोय, पण त्यात डेटा आहे का?

समजा, अमडापुरात तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तुम्ही उबुंटू टाकलं. जागा कमी पडली, म्हणून बिलांचं फोल्डर दुसऱ्या हार्ड डिस्कवर नेलं आणि जुन्या जागी त्याची सिम्बॉलिक लिंक ठेवली.

ही लिंक म्हणजे काय? दुकान हलवलं की जुन्या शटरवर आपण पाटी लावतो ना, "दुकान चिखली रोडला गेले आहे", तशी ती पाटी. तिच्यावर पत्ता असतो, माल नसतो.

आता घोळ बघा. तुम्ही ‘सीपी -आर’ ने सगळं बॅकअपच्या डिस्कवर घेतलं. तिथे फक्त पाटी कॉपी झाली! त्याच कॉम्प्युटरवर बॅकअप उघडला तर बिलं दिसतात, कारण पाटी मूळ डिस्ककडेच नेते. मूळ डिस्क बंद पडली, की वर्षभराची बिलं आणि उधारी दोन्ही गेली.

म्हणून टर्मिनल उघडा आणि तपासा. (कमांड इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाइप करायच्या.)

१. ‘एलएस -एल’ : ओळीच्या सुरुवातीला ‘एल’ आणि नावापुढे बाण दिसला, तर ती लिंक. बाणापुढे पत्ता असतो.

२. ‘फाइंड . -टाइप एल’ : या फोल्डरमधल्या आणि आतल्या सगळ्या लिंक दाखवते. मधला टिंब म्हणजे ‘इथून शोध’.

३. ‘फाइंड . -एक्सटाइप एल’ : फक्त तुटलेल्या लिंक, म्हणजे पाटी आहे पण पत्त्यावर काहीच नाही.

४. ‘रीडलिंक -एफ’ आणि पुढे लिंकचं नाव : शेवटचा पूर्ण पत्ता मिळतो.

बॅकअप घेताना ‘सीपी -आर’ च्या ‘आर’ला चिकटून ‘एल’ जोडा. हा ‘एल’ मात्र मोठ्या लिपीतला! मग पाटीऐवजी खरा माल कॉपी होतो.

शेवटी बॅकअपच्या फोल्डरमध्ये जाऊन दुसरी कमांड पुन्हा चालवा. एकही नाव यायला नको. आणि खरी परीक्षा म्हणजे मूळ डिस्क नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला बॅकअपची डिस्क जोडा आणि एक बिल उघडा. उघडलं, तरच तो बॅकअप.

आजच दहा मिनिटं काढा. मार्चअखेरीची वाट बघू नका.