मोकळ्या टाचेची स्की

वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. बर्फाशी आपला संबंध रसवंतीपुरता. तरी 1938 साली गांधीजींच्या हस्ते खुल्या झालेल्या इथल्या मगन संग्रहालयात ज्यांनी गावकारागिरांची अवजारे पाहिली आहेत, त्यांना नॉर्वेतल्या टेलेमार्क स्कीची जन्मकथा परकी वाटणार नाही. गरज गरिबाची, सामान रानातले आणि सुधारणा वापरणाऱ्याच्याच हातची.

टेलेमार्क प्रांतातल्या मॉर्गेदालचा सोंद्रे नोरहाइम (1825-1897) हा गरीब कूळ. स्की त्याच्या हजारो वर्षे आधीपासून होती, पण तिला बुटाचे टोक अडकवण्यापुरता पट्टा असे. उडी मारली की फळी निसटायची. नोरहाइमने वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या डहाळ्या पिळून त्यांचा फास टाचेमागून घेतला. स्की पायाला धरून राहिली, टाच मात्र उचलता येई. फळीलाही त्याने कंबर दिली. टोकांशी रुंद, मध्ये अरुंद अशी फळी कडेवर कलली की वळण घेते. 1868 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, त्याने ख्रिस्तियानियाची, म्हणजे आजच्या ऑस्लोची, स्पर्धा गाजवली. 1884 मध्ये तो अमेरिकेला गेला आणि तिथेच वारला. 1952 च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत त्याच्याच घरच्या चुलीवर पेटवली गेली.

टेलेमार्क वळणात बाहेरची स्की पुढे सरकते, आतली मागे राहते. मागचा गुडघा वाकतो आणि टाच वर उठते. 1927 मध्ये ब्रोर विथने ‘रोटेफेला’ ही पकड काढली. बुटाच्या पुढे आलेल्या, 75 मिलिमीटर रुंद चोचीच्या तळाला तीन भोके. ती तीन खिळ्यांवर बसवायची आणि वरून कडी दाबायची.

पुढे आल्प्समध्ये टाच खाली जखडणारे पट्टे आले आणि वर न्यायला लिफ्ट आल्या. चढायचेच नसेल तर मोकळी टाच कशाला? टेलेमार्क मागे पडले. 1970 च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटच्या तरुणांनी ते पुन्हा उचलले. आता बूट प्लास्टिकचे असतात, बोटांपाशी भात्यासारख्या घड्या असलेले. चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात, म्हणजे ती मागे घसरत नाही.

लिफ्ट सोडून डोंगरात शिरणाऱ्या बाकीच्यांनाही चढावर टाच सोडवावीच लागते. उतार लागला की ते ती पुन्हा जखडतात. टेलेमार्कवाला उतारावरही ती मोकळीच ठेवतो आणि त्याची किंमत मांड्या मोजतात.