मजुरी एकदाच द्या : इंजिन उतरले असता करून घ्यायची कामे

कापडाच्या व्यापारात गाडी ही दुकानातील गादीइतकीच गरजेची वस्तू आहे. मालेगावच्या मागांवर विणलेला माल नाशिकच्या दुकानदाराकडे वेळेवर पोहोचला, तरच पैसेही वेळेवर येतात. गाडी अडली की माल अडतो आणि माल अडला की वसुली अडते. तरीही आम्ही व्यापारी मीटरमागे दहा पैशांचा हिशेब जितक्या बारकाईने करतो, तितका गाडीच्या दुरुस्तीचा करीत नाही. आमचा असाच एक चुकलेला हिशेब व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

२०१३ साली आमच्याकडे माल ने-आण करण्यासाठी मारुती ओम्नी होती. ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना, अशी तिची रचना. ही गाडी बनविणे २०१९ मध्ये बंद झाले, परंतु पुढे सांगितलेली बाब कोणत्याही गाडीस लागू आहे. आमची गाडी निळा धूर सोडू लागली, ऑइल पिऊ लागली. रिंगा झिजल्या होत्या. इंजिन उतरवून ब्लॉक बोअरिंगसाठी लेथवाल्याकडे गेला.

त्या वेळी मिस्त्री म्हणाले, "शेठ, गिअरबॉक्स वेगळा झालाच आहे. त्याच्या तोंडावरचे ऑइल सील कडक झाले आहे, क्लच प्लेटही निम्मी झिजली आहे. दोन्ही आताच बदलून घ्या."

आम्ही म्हणालो, "उस्ताद, चालते आहे तोवर चालू द्या." इंजिनाच्या खर्चाने आम्ही आधीच घाबरलो होतो.

तीन महिन्यांनी, ईदच्या हंगामात, भरलेली गाडी राहुड घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडी पुढे सरकेना. क्लच घसरत होता. रात्री भाड्याचा टेम्पो मागवून गठ्ठे त्यात टाकले. माल दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकला पोहोचला. तोवर दुकानदाराने दुसऱ्याकडून माल घेतला होता. आमचा निम्मा परत आला. गाडी उघडली तेव्हा त्याच जुन्या सीलमधून झिरपलेले गिअर ऑइल क्लच प्लेटवर पसरलेले दिसले. गिअरबॉक्स पुन्हा उतरला, मजुरी पुन्हा लागली, टेम्पोचे भाडे वेगळे आणि हंगामातील गिऱ्हाईक गेले ते वेगळेच. दोष उस्तादांचा नव्हता, आमचाच होता.

आमच्या धंद्यातील माणसास ही गोष्ट खरे तर सांगावी लागू नये. बीम संपला की माग काही वेळ उभा राहतो. शहाणा कारखानदार तेवढ्यात मागाची साफसफाई, तेलपाणी उरकतो, झिजलेला पट्टा बदलून टाकतो. माग थांबल्याचे नुकसान झालेलेच असते. त्यातच ही कामे बसतात. उतरलेल्या इंजिनाचेही तसेच आहे. अशा कामात मोठा भाग मजुरीचा आणि खोळंब्याचा असतो. ती किंमत एकदा मोजली की आतले लहान भाग बदलणे स्वस्त पडते.

मग काय पाहावे? प्रथम क्लच : प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच तपासावे. फ्लायव्हीलवर जळाल्याचे डाग वा चरे असतील तर ते लेथवर साफ करून घ्यावे. दुसरे, ऑइल सील : क्रँकचे पुढचे व मागचे आणि गिअरबॉक्सच्या तोंडावरचे. गिअरबॉक्सचे सील बहुधा इंजिनाच्या गॅसकेट किटमध्ये येत नाही, म्हणून ते विसरले जाते. तिसरे, टायमिंग बेल्ट व त्याचा टेन्शनर. कित्येक इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि केलेले सारे काम वाया जाते. चौथे, पाण्याची बाजू : वॉटर पंप, थर्मोस्टॅट, फुगलेले पाईप आणि ब्लॉकच्या बाजूस बसवलेल्या वाटीसारख्या पत्र्याच्या टोप्या. या टोप्या गंजून पाणी गळते आणि गाडीत इंजिन असताना त्यांच्यापर्यंत हात पोहोचणे कठीण जाते. पाचवे, इंजिनाचे माउंटिंग रबर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि अर्थिंगची पट्टी. जागा रिकामी आहे तोवर ती धुऊन, गंज घासून रंगवून घ्यावी.

याचा अर्थ मिस्त्री सांगेल ते सर्व बदलावे, असा नाही. प्रत्येक भागाबद्दल तीन प्रश्न विचारावेत. हा भाग पुढे इंजिन न उतरवता बदलता येईल काय? येत असेल आणि तो ठीक असेल, तर राहू द्यावा. प्लग, बॅटरी, एअर फिल्टर यांची घाई नको. मजुरीच्या मानाने भागाची किंमत किती? आणि तो निकामी झाला तर गाडी नुसती थांबेल, की इंजिनच बिघडेल? कामाची यादी व दर आधी कागदावर लिहून घ्यावेत आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. हा अविश्वास नव्हे, व्यवहार आहे.

आणखी एक गोष्ट कापडवाल्याने सांगावी अशीच आहे. गॅरेजमध्ये इंजिन पुसण्यास सुताचा वेस्ट वापरतात. त्याचे तंतू आत राहिले तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि बेअरिंगना ऑइल कमी पडते. म्हणून तंतू न सुटणारे स्वच्छ कापड द्यावे. उघड्या तोंडांत कोंबलेल्या चिंध्या मोजून ठेवाव्यात आणि जोडणीच्या वेळी तितक्याच बाहेर काढाव्यात. आपण ताग्यांना चिठ्ठी लावतो तशी सुटलेल्या प्रत्येक वायरीला आणि पाईपला लावावी. आता मोबाईलवर फोटोही काढून ठेवता येतो.

इंजिन बसल्यावर नवे ऑइल व नवा फिल्टर घालावा आणि काही दिवसांनी खाली वाकून गळती पाहावी. बोअरिंग केलेल्या इंजिनावर सुरुवातीस पुरा भार टाकू नये आणि पहिले ऑइल लवकर बदलावे.

त्या वेळी वाचविलेली रक्कम आम्ही वहीत बचत म्हणून धरली होती. पुढे ती आम्हांस नुकसानीच्या खात्यात लिहावी लागली. आपले इंजिन उतरलेले असेल, तर आज मिस्त्रीपाशी अर्धा तास बसा आणि यादी करा.