उणे अठरावरून चारवर

डीप फ्रीजर बनतो तो उणे १८ अंशांसाठी. किराणा दुकानाच्या दाराशी आइस्क्रीमची चित्रे अंगावर घेऊन उभी असलेली ती पांढरी पेटी आत ठेवलेले सगळे दगडासारखे गोठवायला शिकलेली असते. बंगळुरूच्या एखाद्या फ्लॅटमध्ये हीच पेटी ४ अंशांवर थोपवायची, तिच्या पोटात पोलादी पिंपे उभी करायची आणि झाकणाखालून तोट्या बाहेर काढायच्या, म्हणजे घरच्या घरी ताज्या फेसाचा ग्लास भरता येतो. अशा यंत्राला जगभरचे हौशी लोक ‘कीझर’ म्हणतात. केग आणि फ्रीजर या दोन शब्दांचा तो जोड आहे. ऐकायला सोपे वाटते. पण या पेटीत शीतकरण, वायूचा दाब आणि नळीतला प्रवाह अशी तीन शास्त्रे एकत्र नांदतात, आणि त्यांतले एक जरी रुसले तरी ग्लासात फेसाशिवाय काही पडत नाही.

बंगळुरू आणि बिअर यांचे नाते जुने. इंग्रजांची छावणी १८०९ मध्ये वसली आणि सैनिकांची तहान हा इथला पहिला मोठा बाजार ठरला. थॉमस लीशमन यांनी १९१५ मध्ये दक्षिणेतल्या ब्रुअऱ्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली. १९४७ मध्ये विठ्ठल मल्ल्या तिचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९७८ मध्ये किंगफिशर बाजारात आली. पुढचा टप्पा मात्र पुण्यात सुरू झाला. २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रुअर ऑलिव्हर शाउफ यांच्यासोबत ‘डूलाली’ सुरू केली, ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक मानली जाते. पाठोपाठ बंगळुरूत टॉईट, द बिअर क्लब, आर्बर, विंडमिल्स अशी नावे आली. बाटलीपेक्षा तोटीतून येणारी बिअर वेगळी लागते, हे या शहराने तिथे चाखले. घरी तोटी बसवण्याची हौस त्या चवीमागून आली.

हे यंत्र जोडायला बंगळुरूसारखे शहर नाही. टेंपरेचर कंट्रोलर, रिले, बारा व्होल्टचा छोटा पंखा आणि त्याला वीज देणारा अडॅप्टर हे सगळे एस. पी. रोडच्या गल्ल्यांत एका फेरीत मिळते. स्टीलच्या नळकांड्याला आटे पाडून घ्यायचे तर पीण्या इथली औद्योगिक वसाहत आहे. पिंपे बहुधा परदेशी घडणीची असतात. त्यांना ‘कॉर्नी केग’ म्हणतात. प्रत्येकात सुमारे १९ लिटर मावते. मुळात ती बिअरची नव्हेतच. कॉर्नेलियस कंपनीने ती सॉफ्ट ड्रिंकच्या सिरपसाठी घडवली होती. पुढे सिरप खोक्यातल्या पिशव्यांतून येऊ लागले, अमेरिकेत ही पिंपे रिकामी पडली आणि हौशी मंडळींनी ती उचलली. आजही जोडणीची दोन वळणे वेगळी ओळखली जातात, एक पेप्सीच्या वापरातले आणि दुसरे कोकाकोलाच्या. एकाचे तोंड दुसऱ्याला बसत नाही.

पहिला नियम असा की फ्रीजरच्या भिंतीला ड्रिल लावायचे नाही. घरातल्या उभ्या जुन्या फ्रिजच्या पाठीमागे काळी जाळी दिसायची. आडव्या डीप फ्रीजरमध्ये बहुतेक वेळा तशी जाळी नसते. उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या पत्र्याच्या आत, भिंतीतच पसरलेल्या असतात. त्यांचा मार्ग बाहेरून दिसत नाही. एक भोक चुकीच्या जागी पडले की नळ्यांतला शीतकरणाचा सगळा वायू निघून जातो आणि पेटी भंगारात जमा होते. नव्या फ्रीजरमध्ये तर अनेकदा प्रोपेन किंवा आयसोब्युटेन असतो, म्हणजे पेट घेणारा वायू. म्हणून झाकण उतरवतात, पेटीच्या काठावर लाकडी चौकट बसवतात, बिजागऱ्या त्या चौकटीवर आणतात आणि तोट्यांची भोके फक्त लाकडाला पाडतात. कल्पना साधी आहे, पण फार देखणी. मूळ यंत्राला ओरखडाही न पाडता त्याचे काम पालटते, आणि उद्या चौकट काढली की फ्रीजर पुन्हा आइस्क्रीमला मोकळा.

मूळ थर्मोस्टॅटला ४ अंश हा आकडा ठाऊकच नसतो. म्हणून वीज बाहेरच्या कंट्रोलरमधून देतात. त्याची संवेदक तार नुसती हवेत लोंबती ठेवली तर झाकण उघडताच तिला उकाडा जाणवतो आणि कॉम्प्रेसर विनाकारण सुरू होतो. ती पिंपाला चिकटवतात किंवा पाण्याच्या बाटलीत बुडवतात. कॉम्प्रेसर थांबल्यावर काही मिनिटे तो पुन्हा सुरू होऊ नये, अशी सोयही कंट्रोलरमध्ये हवी, नाहीतर आतला दाब उतरण्याआधी मोटर धडपडते आणि जळते. गार हवा तळाशी बसते, वरच्या तोट्या कोमट राहतात आणि पहिला ग्लास फेसाळतो. तो छोटा पंखा त्यासाठीच, खालची हवा वर ढकलायला.

एवढे जमले की खरा हट्टी भाग समोर येतो. तो म्हणजे एक पारदर्शक नळी, आतून जेमतेम ५ मिलिमीटर रुंद.

गोटी सोडा प्यालेल्याला हे चटकन कळेल. बाटलीत वायू कोंडलेला असतो, त्याच्या दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते आणि गोटी आत ढकलताच पाणी उसळते. मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम तोच: द्रवात किती वायू विरघळेल हे त्याच्यावरच्या वायूच्या दाबावर अवलंबून, आणि द्रव जितका गार तितका वायू जास्त मावतो. साधारण बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीच पट कार्बन डायऑक्साइड असतो. ४ अंशांवर तो तसाच टिकवायला समुद्रसपाटीला गेजवर सुमारे १२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब ठेवावा लागतो.

बंगळुरू समुद्रसपाटीला नाही. शहर सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, आणि हवेचा भार इथे मुंबईपेक्षा सुमारे दीड पीएसआयने कमी आहे. गेज दाखवते तो दाब भोवतालच्या हवेच्या वरचा. बिअरला मात्र एकूण दाब कळतो. त्यामुळे परदेशी तक्त्यातला १२ हा आकडा मुंबईत चालेल, पुण्यात तो १३ करावा लागेल, बंगळुरूत साडेतेरा. तक्ता जसाच्या तसा पाळला तर आठवड्याभरात बिअर थोडी मिळमिळीत होते आणि दोष मात्र माल्टला दिला जातो.

आता या साडेतेराच्या दाबाने बिअर थेट तोटीतून सुटली तर नुसता फेस. तो दाब वाटेतच खर्ची पडला पाहिजे, आणि ते काम नळी करते. बारीक नळीच्या भिंतीशी घासत द्रव पुढे जातो, दाब हळूहळू उतरतो आणि तोटीशी बिअर शांतपणे पोहोचते. घरगुती यंत्रांत सुमारे १० फूट नळीचा ठोकताळा वापरतात. दाब वाढला की नळीही वाढवायची, म्हणून बंगळुरूत थोडी जास्तच घेतलेली बरी. आतला व्यास ५ ऐवजी साडेसहा मिलिमीटर झाला तर त्याच लांबीचा अडथळा जवळजवळ एक चतुर्थांशावर येतो. दुकानदाराने ‘सारखीच आहे’ म्हणून हातात ठेवलेली जाड नळी सगळे गणित बिघडवते. लांबीचे सूत्र कागदावर बरोबर येते, पण शेवटचे जुळवणे हातानेच. नळी मुद्दाम लांब घ्यायची, ग्लास भरायचा, धार फार संथ असेल तर वीतभर कापायची, पुन्हा भरायचा. कापलेली नळी परत लांब होत नाही, म्हणून कात्री धीराने चालवावी लागते. या यंत्रातली सगळी कारागिरी त्या कात्रीत आहे.

मग अडचणींची रांग लागते. उणे १८ वर बाष्पाचे बर्फ होते आणि भिंतीला चिकटून राहते. ४ अंशांवर त्याचे पाणी होऊन तळाशी साचते. पावसाळ्यात चौकटीवर बुरशी धरते, पिंपाच्या बुडाशी गंज दिसतो. नळी दर चौदा दिवसांनी कॉस्टिकच्या सौम्य द्रावणाने धुवावी, असे व्यावसायिक ब्रुअर सांगतात. नाही धुतली तर आत जिवाणूंचा पातळ थर धरतो आणि बिअरला आंबूस वास येतो. घरचा माणूस पहिले दोन महिने हे इमानाने करतो.

खरी काळजी वायूची. पिंपांना दाब पुरवणाऱ्या २ किलोच्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड मोकळा झाला तर सुमारे ११०० लिटर जागा व्यापतो. दहा फूट लांब, तेवढ्याच रुंद आणि उंच बंद खोलीत ते प्रमाण जवळपास ४ टक्क्यांवर जाते, आणि तेवढे प्रमाण अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने जिवाला तत्काळ धोका म्हणून नोंदवले आहे. हा वायू हवेच्या दीडपट जड. जोड गळका असेल तर तो फ्रीजरच्या पेटीत पाण्यासारखा साठतो, आणि झाकण उघडून आत वाकणारा माणूस थेट त्यात तोंड घालतो. प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे, खिडकी उघडी ठेवणे आणि वायू मोजणारा गजर बसवणे, यांतले काहीही ऐच्छिक मानू नये. सिलिंडरही कुठलाही चालत नाही. देशभरच्या गॅस सिलिंडरचे नियम पाहणारी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, जिचे मुख्यालय नागपुरात आहे, तिची मान्यता आणि ठरावीक वर्षांनी होणाऱ्या दाबाच्या चाचणीचा शिक्का त्यावर असावा लागतो.

आणि कायदा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली आणि घरी बिअर बनवणाऱ्यांना केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळाली. पिंपे, तोट्या, तक्ते हा सगळा हौशी संसार त्यानंतर वाढला. भारतात मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचा विषय. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ चा, आणि त्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही. जवळ किती बाळगायचे यालाही मर्यादा आहे. फ्रीजर, चौकट, तोट्या, सिलिंडर या कशालाच हा कायदा आडवा येत नाही. पिंपात काय भरायचे तिथे तो येतो.

परवाना नसलेल्या घरात मग पिंपात सोडा भरावा, आल्याचे सरबत भरावे, मराठी घर असेल तर कोकम भरावे. गार, लालभडक, फेसाळते कोकम तोटीतून येणे ही कल्पना मोहक आहे. पण सोड्याची झणझण बिअरपेक्षा बरीच जास्त लागते, आकारमानाच्या चारेक पट वायू. त्यासाठी ४ अंशांवर बंगळुरूत गेज ३० पीएसआयच्या आसपास न्यावे लागते. बिअरसाठी बेतून कापलेली नळी या दाबापुढे टिकत नाही, आणि ग्लासात पुन्हा गुलाबी फेस. दुप्पट लांब नळी आणायची, तीही वेगळी ठेवायची, कारण साध्या प्लॅस्टिकच्या नळीत उग्र चव मुरून बसते. एस. पी. रोडची आणखी एक फेरी, आणि कात्री पुन्हा हातात.